गाडीला बसवलेलं डोकं

"साहेब, वळणावर गाडी एका अंगाला कलती. असली गाडी मी न्हाय चालवणार." गारगोटीच्या रस्त्यावर अ‍ॅम्ब्युलन्स थांबवून ड्रायव्हर सदाशिव खाली उतरला.

त्याचं बरोबर होतं. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिरोली एमआयडीसीत शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या कारखान्यात मी डिझाइन इंजिनिअर होतो. हाड मोडलेला पेशंट कोल्हापूरला नेताना खड्ड्याखड्ड्याला किंचाळतो, काहीतरी करा, असं गारगोटीच्या डॉ. इनामदारबाई सांगून गेल्या होत्या. त्यांच्या अ‍ॅम्ब्युलन्सला मी मऊ शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले. धक्के कमी झाले, पण गाडी झुलायला लागली.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे तेल भरलेली नळी. आतल्या भोकातून तेल सहज गेलं तर मऊ, अडलं तर कडक. हे भोक चालत्या गाडीतच लहानमोठं करता आलं तर? त्या विचारानं मला जेवण सुचेना.

मालक आप्पासाहेबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे गाडीला डोकं बसवणार तू?"

"थोडंसं."

"बसव की. पण पेशंटच्या आधी त्यात मी झोपणार."

विजेवर उघडमीट करणारा व्हॉल्व्ह नळीला जोडला. अ‍ॅक्सलवर धक्का ओळखणारा सेन्सर लावला, मध्ये सर्किट. धक्का आला की व्हॉल्व्ह उघडणार, गाडी मऊ. पहिल्या ट्रायलला व्हॉल्व्ह बारीक खडीवरही फडफडला. मग लहान धक्के सोडून द्यायला सर्किटला शिकवलं. स्टिअरिंगला स्विच लावला. ते वळलं की व्हॉल्व्ह बंद, गाडी कडक.

आप्पासाहेब स्ट्रेचरवर आडवे झाले. शेजारी डॉक्टरबाई. मी पुढं बसून, व्हॉल्व्ह उघडला की लागणाऱ्या सर्किटच्या दिव्याकडं बघत होतो. खड्डे आले, दिवा लागला. वळण आलं, दिवा विझला.

"कलती का?" मी विचारलं.

"न्हाय. रस्ता धरून हाय," सदाशिव म्हणाला आणि हसला.

मागून आप्पासाहेबांचा आवाज आला, "खड्डे कधी यायचे रं?"

"गेले की, मालक."

खुब्याचं हाड मोडलेली एक म्हातारी त्या गाडीतली पहिली पेशंट. संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. "कोल्हापूरपर्यंत सुनेच्या तक्रारी सांगत होती हो. इतके दिवस या रस्त्यावर पेशंट बोलतच नसत, नुसते किंचाळत." मी फोन ठेवला आणि कारखान्यात पळत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

पावसाळ्यात सर्किटमध्ये पाणी शिरलं आणि ते बंद पडलं. वीज गेली की व्हॉल्व्ह आपोआप मिटावा, अशी सोय मी केली होती. गाडी पूर्वीसारखी कडक झाली, पेशंटला धक्के बसले, पण वळणावर ती कलली नाही. हुशार यंत्र बनवताना ते बंद पडल्यावर काय करेल, हे आधी ठरवावं.