गोळीची कृती आणि माझा मसाला

"काकू, जुनी गोळी आता लागू पडत नाही," डॉक्टर म्हणाले आणि मी त्यांच्यावरच चिडले. इतकी वर्षं नेमाने गोळी घेतली, एक दिवस चुकवला नाही, आणि वर हे ऐकायचं!

मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. हा रक्ताचा कर्करोग. यात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. सुरुवातीला नुसता थकवा होता. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, ते मी गॅस समजून ओवा चघळत बसले. तुम्ही तसं करू नका. पुढे स्वस्तातल्या गोळीवर छान चाललं होतं. मग बीसीआर-एबीएल तपासणीत, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय हे मोजणाऱ्या तपासणीत, आकडा चढू लागला. पेशींत म्युटेशन झालं होतं. आजाराने रूप बदललं आणि जुनी गोळी त्याला ओळखेना.

यावर नवी गोळी होती, पण पेटंट असल्याने ती एकच कंपनी बनवायची. किंमत ऐकून माझा मुलगा प्रशांत खुर्चीतून उठूनच उभा राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, खानावळ विकून टाकू."

"अन् मंग खाशील काय? माह्या गोळ्या?"

गांधीबागेतली ही खानावळ नवरा गेल्यावर मी एकटीने उभी केली. कापडबाजारातले व्यापारी, हमाल, सगळे माझ्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यासाठी येतात. तो मसाला मी दार लावून भाजते. इतवारीच्या बाजारात सामान घेतानाही सगळं एका दुकानातून घेत नाही. दगडफूल एकाकडून, मिरच्या दुसऱ्याकडून, खसखस तिसऱ्याकडून. कोणत्याच दुकानदाराला पूर्ण यादी कळता कामा नये. सून सुषमा लग्न होऊन आल्यापासून दाराबाहेर कांदे चिरतेय. भोजराज नावाचा आमचा आचारी काम सोडून गेला आणि पलीकडच्या गल्लीत आमच्यासारखीच पाटी लावून बसला. त्याचा रस्सा मी मुद्दाम मागवून चाखला. नुसता जाळ!

पुढच्या खेपेला मी सुषमाला सोबत नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पेटंटची मुदत थोड्याच महिन्यांत संपतेय. मग दुसऱ्या कंपन्या तीच गोळी जेनेरिक म्हणून काढतील, बरीच स्वस्त. तोवर हायड्रॉक्सीयुरिया देऊन पेशी दाबून ठेवू. पण तो इलाज नाही. पेशी उसळल्या, तर काहीही विका, नवी गोळी लगेच सुरू करायची."

"म्हंजे आमच्या भोजराजसारखी नक्कल?" मी विचारलं. मग भोजराज कोण, हे त्यांना सांगावं लागलं.

"नक्कल नाही, काकू. औषध तेच असतं, तपासून मगच बाजारात येतं."

"पण मेहनत तर त्या कंपनीनं केली ना? तिचं काहून हिसकावता?"

जिवावर बेतलं होतं आणि मी कंपनीची वकिली करत होते. सुषमाने कपाळावर हात मारला.

"हिसकावत नाही, तो सौदा असतो," डॉक्टर म्हणाले. "औषध कसं बनतं ते कंपनी आधीच उघड लिहून देते. बदल्यात ठरावीक वर्षं दुसऱ्या कोणी ते बनवायचं नाही. त्यात तिचा खर्च निघतो, नफाही होतो. मुदत संपली की ती कृती सगळ्यांची."

"सगळी कृती देते? काहीच लपवत नाही?"

"लपवलं तर पेटंट टिकत नाही."

हे मला पटेना, पण डोक्यातून जाईनाही.

पुढचे महिने मी कोणाला सुखाने बसू दिलं नाही. दर आठवड्याला सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. रिपोर्ट येईपर्यंत मी दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालायची. काटोलची एक बाई तिथे भेटायची, माझाच आजार, त्याच गोळीची वाट. एका आठवड्यात ती आली नाही. ती वारल्याचं नर्सने सांगितलं. मी तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरले. "मुदत संपेपर्यंत जो टिकत नाही, त्यानं काय करायचं?"

"सरकार मधेच दुसऱ्या कंपनीला परवाना देऊ शकतं," ते म्हणाले, "पण क्वचितच देतं." त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं. मला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला.

नंतर माझ्याही पेशी चढू लागल्या. प्रशांतने गिऱ्हाईक आणलं, ते खानावळीच्या भिंती ठोकून पाहत होतं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. जेनेरिक बाजारात आली होती.

गोळी लागू पडली. पुढच्या तपासण्यांत आकडा उतरत गेला. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर लाजू नका. जेनेरिक आहे का, पेटंट कधी संपतंय, हे डॉक्टरांना सरळ विचारा, आणि त्यांना न विचारता गोळी थांबवू नका. मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे. ज्यांनी ही गोळी शोधली त्यांचीही आहे, आणि ज्यांनी स्वस्तात बनवली त्यांचीही. काटोलची बाई मात्र अजून आठवते आणि जीव तुटतो.

परवा मसाला भाजायला घेतला. सुषमा बाहेर कांदे चिरत होती.

"आत ये वं," मी म्हटलं. "अन् दार राहू दे उघडं."

ती दारातच थबकली. "मले शिकवता, आई?"

"शिकवतो. पण पाच वर्षं कोणाले सांगायचं नाही. मंग सांग कोणालेही."

"भोजराजलेही?"

मिरच्यांच्या ठसक्याने दोघी खोकत होतो. मी कढई खाली उतरवली.

"त्यालेही सांग," मी म्हटलं. "लोकाइले निदान रस्सा तरी बरा भेटन त्या मेल्याकडं."