गोवरीतलं गिलक्याचं बी

माझी बायको गेली ती रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं त्या सालात. रडायला पुष्कळ जमले. त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला माझ्या धाकट्या भावाच्या बायकोने परसातल्या भिंतीवरच्या सगळ्या गोवऱ्या उपटल्या आणि चुलीत घातल्या. त्यातल्या बारक्या गोवऱ्यांत गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, बी थापलेलं होतं. शेणात बी ठेवलं की कीड लागत नाही. ते वाण बायकोने माहेरून, कळसाडीहून आणलेलं. गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, तिने दिलंच नव्हतं.

मला कळलं आखाजीनंतर, अक्षय्य तृतीया झाल्यावर. कुडाच्या कडेला आळी खणली आणि बी काढायला गेलो, तर भिंत बोडकी.

आमच्यात धाकट्याची बायको जेठाशी, थोरल्या दिराशी, बोलत नाही, पदर ओढून बाजूला होते. ही बाई पदर ओढायची आणि सगळं म्हशीला ऐकवायची. मी परसात उभा राहून शिव्या घातल्या, तशी गोठ्यातून म्हणाली, "सांग वं म्हैसबाई, शेनमानं बी माले कसं दिसी?"

मी खांबाला सांगितलं, आंधळ्याने दुसऱ्याच्या भिंतीला हात लावू नये.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर एक बारकी गोवरी येऊन पडली. जळणाच्या ढिगात तळाला राहिली होती म्हणे. फोडली, अकरा बिया निघाल्या. तेवढंच काय ते वाण उरलं. मी तांब्यात पाणी घेतलं, तर गोठ्यातून लगेच आवाज.

"म्हैसबाई, एकच रात भिजाडानं, मंग फडकामा बांधीन चुलाजवळ ठेवानं. जास्त भिजनं ते सडी जाई."

मी जन्मभर गिलकी खाल्ली, बी कधी हातात धरलं नव्हतं. बायको ते किती वेळ भिजवायची, कधी बघितलं नाही. हिने एक रात सांगितली, म्हणून मी तीन रात्री ठेवलं. जिने जाळलं तिच्याकडून मी शिकायचं?

चौथ्या दिवशी पाणी बुळबुळीत झालेलं. बिया फुगून फुटल्या होत्या, वास मारत होत्या. तरी आळ्यांत पुरल्या. पंधरा दिवस पाणी घातलं. एक कोंब वर आला नाही.

तांब्या रिकामा केला तेव्हा वास तिच्यापर्यंत गेलाच असणार. ती चारा घेऊन आली, म्हशीपुढे टाकला, उभी राहिली. म्हशीला काही बोलली नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

पावसाळाभर कूड उघडा. एकदा धाकट्याने विचारलं, दादा, यंदा गिलकं नाही लावलं? त्याची बायको दाराआड भाकरी थापत होती.

मी म्हणालो, "कुठून लावू? तुझ्या बायकोने बी जाळलं."

भाकरीचा आवाज थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.