फ्यूजमामांचा पास झालेला डबा

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या फ्यूजमामांना सगळी गल्ली ओळखायची ती त्यांच्या डब्यामुळे. आकाशातून कधीतरी न दिसणारी विजेची लाट येईल आणि गाड्यांमधले कॉम्प्युटर, घरातले फोन एका दमात मरून पडतील, असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ते डोक्यात पक्कं बसलं. मग पत्र्याचा बिस्किटांचा डबा आला, आत पुठ्ठ्याचं अस्तर आलं, झाकणाच्या फटीवर चंदेरी चिकटपट्टी आली. आपल्या गाडीचा जादा कॉम्प्युटर त्यांनी त्यात तान्ह्या बाळासारखा गुंडाळून ठेवला. तुमच्या गाड्या जागच्या जागी बसतील, माझी तेवढी चालेल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

सगळ्यात मोठा शब्द त्यांनी दिला होता थोरल्या बहिणीला. ताई दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची, दम्याने बेजार. तू नुसता फोन कर, गाडी दारात उभी, हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की ती हसून म्हणायची, "तुझी लाट येण्याआधी मला दम लागला तर चालेल ना रे?"

डबा तपासायची मामांची एक रीत होती. आपला फोन आत ठेवायचा, पट्टी ओढायची आणि बायकोला तिच्या फोनवरून रिंग द्यायला लावायची. आत वाजला नाही की डबा पास. त्या दुपारी नवी पट्टी लावली, डबा पास झाला. बायको शेजारी गेली. मामा खुशीत जेवले आणि आडवे झाले. फोन आतच राहिला.

दूधवाल्याने दार वाजवून उठवलं. ताईंना माझ्या टेम्पोतून दवाखान्यात पोचवलंय, तुम्हाला फोन लावून लावून त्या थकल्या, म्हणाला. देवाची कृपा, म्हणून तो नेमका त्यांच्या दारावरून जात होता. धाप लागलेली ताई दुधाच्या क्रेटवर बसून गेली होती.

मामांनी पट्टी सोलली. फोन बाहेर येताच हुकलेल्या फोनांचे मेसेज टणटण वाजत सुटले. गाडी मात्र एका झटक्यात सुरू झाली. तिला कुठे काय झालं होतं!

ताईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. नर्सने मामांना विचारलं, "भाऊ ना तुम्ही? परगावी होतात, असं या म्हणाल्या."

मामांनी ताईकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. नुसतं हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"नाही," मामा म्हणाले. "घरीच होतो. फोन डब्यात बंद करून झोपलो होतो."

कसला डबा, असं नर्सने विचारलं. लाटेचं सांगता सांगता त्यांचे कान तापले. पलीकडच्या खाटेवरची बाई मान वळवून ऐकत होती. गरज पडली तर कुणाला फोन करायचा, एवढंच नर्सने ताईला विचारलं.

ताईने मास्क जरा बाजूला केला आणि एकेक आकडा थांबत थांबत मामांचाच नंबर सांगितला.

मामांना मान वर करवेना.