बोलीवर आणलेल्या दोन सायकली

अकोले तालुक्यात राजूरच्या पुढं गेलं की आधी मोबाईलची रेंज संपते, मग डांबर संपतं, आणि जिथं दोन्ही संपतं तिथून जया आवारीची नोकरी सुरू होते. ती पोस्टात ग्रामीण डाकसेवक आहे. बारा वर्षं झाली, आधार कार्डं, नोकरीचे कॉल आणि पुण्यातल्या पोरांनी आईला पाठवलेली गुडघ्याच्या तेलाची पार्सलं ती वाड्यावस्त्यांवर सायकलनं पोचवते. स्कूटर घे म्हणणारे पुष्कळ भेटले. "स्कूटर पायवाटेवर बंद पडली की मलाच तिला पोचवावं लागंल," असं म्हणून ती पॅडल मारत पुढं जाते.

वय एक्केचाळीस. पोटऱ्या मात्र पंचविशीच्या. रविवारी टपाल नसतं, तरी ती त्याच रानवाटांनी जाते, फक्त जरा जोरात. शहरातली मंडळी याला ट्रेल रायडिंग म्हणतात. गावात म्हणतात, "पोस्टाच्या बाई आज बी सुटल्या."

बाईंच्या सुखी आयुष्यात एकच काटा होता, तो म्हणजे टेम्पो.

भंडारदऱ्याच्या धरणाला वळसा घालून दर जानेवारीत माउंटन बाईकची मॅरेथॉन होते. साठ किलोमीटर, सकाळी सातला सुटायचं, बाराच्या आत परत शेंडीला पोचायचं. जो फार मागं पडेल त्याला उचलून आणायला शेवटच्या सायकलीमागून एक टेम्पो येतो. गेल्या वर्षी जयानं आपल्या टपालाच्या सायकलीवरच नाव घातलं, आणि बेचाळिसाव्या किलोमीटरला टेम्पोनं तिला गाठलं. तेही चाललं असतं. पण टेम्पो कुणाचा? सुनीलचा. म्हणजे तिच्या सख्ख्या नवऱ्याचा. एरवी टोमॅटो वाहतो; त्या दिवशी भाड्यानं माणसं वाहत होता.

"बस की गं," सुनील खिडकीतून म्हणाला.

"न्हाई बसायची."

"अगं, क्रेट काढून गादी टाकलीय. खास तुझ्यासाठी."

म्हणजे यानं घरून निघतानाच गृहीत धरलं होतं! त्या रागात तिनं आणखी दोन किलोमीटर ओढले आणि मग पायांत गोळे आल्यावर टेम्पोत बसली. बसली ती बसली. वर्षभर गावानं उतरू दिलं नाही. "टेम्पोवाल्या बाई, आमचं रजिस्टर आलं का वो?" असं पोरंटोरंही विचारायला लागली.

तेव्हा जयानं मनाशी ठरवलं, यंदा काहीही होवो, सुनीलच्या टेम्पोत बसायचं नाही. त्यासाठी सायकल हवी होती. पैशाचं जमलं होतं. अडलं होतं ते निवडीवर.

निवडीचा विषय निघाला आणि मच्छिंद्र नानांनी टोपी डोक्यावर घातली. नाना म्हणजे जयाचे सासरे. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यात सायकलवर बसले नव्हते, पण बैलाची पारख त्यांच्याइतकी तालुक्यात कुणाला नव्हती. बैल आणि सायकल यांत त्यांच्या मते फरक एवढाच, की सायकल शेण टाकत नाही. म्हणजे बैलापेक्षा थोडी कमीच.

शुक्रवारी दोघं नगरला गेले. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे, पण नानांचं तोंड अजून जुन्याच स्टँडवर उतरतं. सायकलच्या दुकानात इम्रान नावाचा तरणा मालक होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, ट्रेलला पाहिजे का मॅरेथॉनला?"

"दोन्हीला."

इम्राननं डोकं खाजवलं. "मॅरेथॉनला हलकी पाहिजे. लांब पल्ला, मोठे चढ. ट्रेलला मजबूत पाहिजे. दगड, उतार, उड्या. दोन्ही एकात म्हणजे..."

"म्हणजे एकाच बैलानं नांगर बी ओढायचा आन् शर्यत बी पळायची," नाना म्हणाले. "आसतं तसलं जनावर. पण हजारात एक. काढ भायेर."

इम्राननं दोन सायकली काढल्या. पहिली हार्डटेल: शॉकअप फक्त पुढं, मागं काही नाही, वजनाला अशी हलकी की जयानं एका हातानं उचलली आणि तिला उगीचच हसू आलं. दुसरी फुल सस्पेन्शन: शॉकअप पुढंही आणि मागंही. दोन-अडीच किलोनं जड, पण बसल्यावर माणूस गादीवर बसल्यासारखा. जयाला पुन्हा हसू आलं, आणि गादी म्हटल्यावर टेम्पो आठवून गेलंही.

नाना दोन्हींभोवती फिरले. टायरला खुराला लावतात तसा अंगठा लावला. सीटच्या मागं थाप मारली. दुसरीची सीट दाबून बोटांनी मोजलं. "चार बोटं दबतंय मागनं. पाठीत कच्चं हाय का काय?"

"कच्चं नाही नाना, ते मुद्दामच आहे," इम्रान म्हणाला. "आणि इथं हँडलला खटका दिलाय. चढाला शॉकअप बंद करायचा, उताराला उघडायचा."

नाना गालात हसले. आयुष्यभर बैलगाडी हाकलेल्या माणसाला कालचा पोरगा घाट शिकवत होता! "उलटं सांगतोस बाळ. चढाला कासरा सैल सोडायचा, जनावराला मोकळीक द्यायची. उताराला आवळून धरायचा. जया, ध्यानात ठेव."

जयानं ठेवलं. खरं तर ती तेव्हा हार्डटेलच्या चाकाकडं बघत होती, आणि या घरात नानांचा शब्द चालतो.

"पन असं बघून जनावर घेत न्हाईत," नाना पुढं म्हणाले. "बोलीवर दे. दोन्ही नेतो. पळवून बघतो. खोड निघंल ती माघारी."

आता कुठला सायकलवाला बोलीवर माल देईल? पण इम्राननं नानांकडं नीट पाहिलं. "आमचे आजोबा घोडेगावच्या बाजारात बैल बोलीवरच द्यायचे."

"नाव काय आजोबाचं?"

"चांदभाई."

"आरं, मग आधी सांगायचं न्हाई व्हय!" नानांनी त्याचा हात धरून दोनदा हलवला. "त्याच्याकडनं नेलेली खिल्लारी जोडी बारा वर्सं हुती माज्याकडं. रविवारी शर्यतीला ये. तिथंच सांगतो कंची ठेवली."

दोन्ही सायकली नगरला टोमॅटो उतरवून परतणाऱ्या सुनीलच्या टेम्पोतून घरी आल्या. जया मागं त्यांना धरून उभी होती. बसली नाही. नियम म्हणजे नियम.

घरी येईपर्यंत नानांनी बारसंही उरकलं. हलकी ती पाखऱ्या, दोन शॉकअपची ती डोल्या. शनिवारी सकाळी जयानं दोघींना गावामागच्या टेकाडावर पळवलं. पाखऱ्या चढाला वाऱ्यासारखी गेली. उताराला मात्र दगडादगडाचा हिशेब तिच्या कमरेनं चुकता केला. डोल्याला नानांच्या नियमानं हाकलं: चढाला शॉकअप मोकळा, उताराला आवळलेला. झालं असं, की डोल्या चढावर प्रत्येक पॅडलला मान डोलवत बसली आणि उतारावर लाकडासारखी आदळली.

"बघितलं?" नाना बांधावरून ओरडले. "डोल्याला खोड हाय! पाखऱ्याच आपली."

जयाला मनातून डोल्या आवडली होती. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं. पण मन वेगळं आणि टेम्पो वेगळा. तिनं शर्यतीला पाखऱ्या ठरवली.

रविवारी दिवस उजाडायच्या आत नाना उठले. शर्यतीला निघायच्या आधी गाडीच्या आसाला वंगण घालायचं, ही आवारी घराण्याची तीन पिढ्यांची रीत. पाखऱ्याच्या प्रत्येक चाकाजवळ एक चकचकीत चकती होती, आणि फिरवली की बारीक कुरकुरत होती. बिचारीचा जीव किती कोरडा पडला असेल! नानांनी एरंडेलाची बुधली आणली आणि दोन्ही चकत्यांना, वर जिथं त्या चिमट्यात जातात तिथंही, बोटानं तेल चोळलं. डोल्याला नाही लावलं. माघारी जायच्या जनावराला कोण तेल लावतं?

साडेपाचला जया पाखऱ्यावर बसून अंगणातून सुटली. फाटकाशी ब्रेक दाबला. पाखऱ्या थांबली नाही. पुन्हा दाबला. पाखऱ्या आणखी खुशीत आली. फाटक, रस्ता, समोरच्यांची पेंढ्याची गंजी, आणि गंजीत जया कमरेपर्यंत.

"नाना! डिस्कला काय लावलंत?"

"एरंडेल. का गं? आता बघ कशी सुटतीय!"

"सुटली की! थांबायला पायजे ना!"

ब्रेकच्या चकतीला तेल लागलं की ब्रेक धरत नाही, हे नानांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की जयाला रागवायचं होतं ते राहून गेलं. केसांतला पेंढा काढत तिनं डोल्या बाहेर ओढली. दुसरं होतं काय?

सातला शेंडीवरून दीडशे सायकली सुटल्या. थंडी अशी, की बोटं हँडलची की आपली ते कळेना. धरणावर धुकं होतं. पहिला चढ आला. तिनं शॉकअप सैल सोडला. डोल्या डोलायला लागली. दहा पुढं गेले, वीस गेले, ताक घुसळावं तशी जया जागच्या जागी घुसळत राहिली. रतनवाडीच्या अलीकडं मागून ओळखीचा हॉर्न वाजला.

"पों!"

तिनं वळून पाहिलं नाही. सुनील सभ्य माणूस. त्यानं हाक मारली नाही. फक्त मागचं फाळकं उघडल्याचा खडखडाट झाला.

तो खडखडाट जयाच्या पाठीच्या मणक्यातून गेला. आणि तिला इम्रान आठवला: चढाला बंद, उताराला उघडं. तिनं इकडंतिकडं बघितलं. नाना इथं नव्हते. देवाची माफी मागावी तशी मनात नानांची मागून तिनं खटका दाबला.

डोल्या ताठ झाली. डोलणं थांबलं. पायातला जोर सरळ चाकात उतरला आणि सायकल चढाला लागली. जया ओरडलीच, "आरं तिच्या!" एक मागं पडला, दुसरा पडला. साम्रदला ती माथ्यावर आली तेव्हा हॉर्न ऐकू येत नव्हता.

आणि मग रानातला उतार. झाडांची मुळं, सुटे दगड, मधेच ओढा. भारी हलक्या सायकलीवाले इथं उतरून, सायकल हातात धरून, नवरदेवाच्या मित्रांसारखे जपून पाय टाकत होते. जयानं खटका उघडला. डोल्या खाली दबली, वर आली, दगड गिळत सुटली. ही तर रोजचीच वाट होती, फक्त आज टपाल नव्हतं! "बाजूला व्हा, बाजूला!" ती हसतही होती आणि ओरडतही होती. किती जण मागं टाकले ते तिनं मोजलं नाही. पोस्टातली बाई आणि मोजलं नाही, यावरून काय ते समजा.

शेंडीच्या कमानीखालून ती गेली तेव्हा बाराला सहा मिनिटं कमी होती.

इम्रान तिथं होता. नाना होते, धोतराला अजून एरंडेलाचा डाग होता. इम्राननं विचारलं, "मग नाना, कोणती ठेवली?"

नानांनी डोल्याच्या सीटवर हात ठेवला. "ही. ट्रेलला बी हीच, मॅरेथॉनला बी हीच. पाखऱ्या घेऊन जा. चकत्या पुसायला लागतील. पन दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांग, तिच्यात खोड न्हाई. खोड माज्यात हुती."

"नाना," जया हळूच म्हणाली, "तुमच्या कासऱ्याचा नियम मी मोडला. उलटं केलं."

नानांनी टोपी काढून पुन्हा नीट बसवली. तीन पिढ्यांची गोष्ट होती. मग म्हणाले, "बैलाला सांगू नको म्हंजे झालं."

तेवढ्यात सुनीलचा टेम्पो आला. मागं गादीवर पुण्याचे चार जण पाय चोळत बसले होते. सुनील खाली उतरला, घड्याळ बघितलं, बायकोला बघितलं, आणि गावातल्या झाडून सगळ्यांसमोर म्हणाला, "आता तरी बसशील का? घरी जायचंय."

"चल हो पुढं," डोल्यावर टांग टाकत जया म्हणाली. "तू लई हळू चालवतोस."