साबणवाल्या दादीचा पेला

साबण जमला की नाही, हे दादी जिभेला विचारायची. साच्यातली वडी उचलून जिभेचं टोक लावायची आणि डोळे मिटून उभी राहायची. चटका बसला की सगळा घाणा परत कढईत. "जिभेला चावतो, तो हाताला सोडेल काय?" म्हणायची.

उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात आमची खोली तिच्या बराकीला लागून होती. आमचे हे अंबरनाथला कारखान्यात. मी नवी नवरी, दिवसभर रिकामी, म्हणून तिच्या हाताखाली शिरले. तराजूचं तिला वावडं. सिंधहून येताना आणलेला एक मोठा पत्र्याचा पेला, हेच तिचं माप. ठरल्या डब्याभर तेलाला पेलाभर कॉस्टिक सोडा, वर काडी फिरवून सपाट केलेला. ढवळायचं एकाच दिशेनं, आणि ढवळताना बोलायचं नाही. हे दुसरं मला कधी जमलं नाही. वड्या मात्र दर खेपेला जुळ्या बहिणी. बदलापूरहूनसुद्धा गिऱ्हाईक यायचं.

एका दिवाळीच्या साफसफाईत मी त्या पेल्यावर ट्रंक ठेवली. हा एवढा पोचा पडला! भ्याले, आणि पेला गुपचूप जागेवर ठेवून दिला. दादीची नजर अधू, तिला कळलं नाही.

पुढचा घाणा साच्यात घट्टच होईना. जीभ म्हणे ठीक, वडी लोण्यासारखी. दुसरा तसाच, तिसराही. तिनं तेल बदललं, हवेला दोष दिला. गिऱ्हाईक तुटायला लागलं. शेवटी तिनं साचे पालथे घातले. "पुट, पोरी, गाव गेलं, घर गेलं, पण हात होता. अब हाथ भी गया."

मग मात्र मला राहवेना. पेला पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. पोच्यामुळे कॉस्टिक कमी मावत होतं, दुसरं काही नाही. आता माझी धडगत नाही, असं वाटलं. तिनं पोच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"म्हणजे हात माझा चांगला आहे?" एवढंच म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडली. मीही रडले.

वाण्याकडून तराजू आणला. पाच-सहा घाणे वाया गेल्यावर गणित बसलं: पाच शेर तेलाला बावन्न तोळे कॉस्टिक. मी ते कोळशानं भिंतीवर लिहिलं. वड्या पुन्हा जुळ्या निघाल्या.

काही वर्षांनी ती मुलाकडे राहायला निघाली. साचे घेतले, तराजू घेतला, पेला माझ्या हातात ठेवला. म्हटलं, "दादी, हा तुमच्या सिंधचा, तुम्हीच न्या."

"सिंध माझं, पोचा तुझा," ती हसली. "तूच सांभाळ."

पुन्हा भेट झाली नाही. तिची फार आठवण येते. पेला फळीवर आहे, पोच्यासकट. त्याच्यावर काही ठेवायची आमच्या घरात कुणाची बिशाद नाही.