‘शिकून राह्यले’चा अर्थ विचारणारे सर

टकले सरांची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली. त्यांचा पहिलाच प्रश्न ऐकून मला वाटलं, कुणीतरी ओळखीचंच थट्टा करतंय.

"सुरेखाताई बोलताय का, धावड्याच्या? मी जालन्याहून अंबादास टकले. आमच्या कारखान्याच्या परीक्षेत तुम्ही तोंडी जे उत्तर दिलं, ते मला जसंच्या तसं परत म्हणून दाखवता का?"

मी त्या वेळी आमच्या शेतात ओटीत कापूस घेऊन उभी होते. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाल्यावर मी भोकरदनला काकांच्या दुकानात जळालेल्या मोटारी भरायला, म्हणजे त्यांचं वाइंडिंग नव्यानं करायला, शिकत होते. तिथून जालन्याच्या या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून अर्ज केला होता. बियाणं साफ करायची यंत्रं बनवणारा हा कारखाना. घरातून वडलांनी बजावलं होतं, "यंदा बघ काय होतंय ते. न्हाई जमलं तर मंग आपली वेचणी हायेच." परीक्षेचा लेखी भाग संगणकावर दिला आणि तोंडी भाग मोबाइलमध्ये बोलून दिला. चार दिवसांनी निवड झाली नसल्याचा निरोप आला आणि मी निमूट वेचणीला लागले. मला मोटारींचंच काम करायचं होतं, आणि ते दार बंद झालं असं मी धरून चालले होते.

"कोणतं उत्तर, सर?"

"सध्या कोणतं काम शिकता, असं विचारलं होतं बघा."

"मोटारीचं वाइंडिंग शिकून राह्यले, असं म्हणाल्ते मी."

पलीकडं सर मोठ्यानं हसले. "अहो, इथं लिहून आलंय, वाइंडिंग शिकायचं राहिलं!"

आमच्याकडं ‘शिकून राह्यले’ म्हणजे शिकणं चालू आहे. हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पण परीक्षेत आमचं बोलणं आधी संगणक लिहून काढत असे, आणि ते लिखाण परगावचे परीक्षक तपासत. ‘काकाच्या दुकानात मोटारी भरून राह्यले’ याचं तिथं ‘मोटारी भरायच्या राहिल्या’ झालं होतं. एकूण काय, तर हाती घेतलेलं प्रत्येक काम अर्धवट टाकणारी बाई म्हणून मी तिथं नोंदली गेले होते. अशा बाईला मीसुद्धा घेतलं नसतं.

आता प्रश्न असा, की प्रशिक्षण विभागाचे प्रमुख असलेल्या माणसानं नापास झालेल्या मुलीला फोन का करावा? मला याचं फार कुतूहल होतं. पुढं बऱ्याच दिवसांनी मी विचारलंच. सर म्हणाले, "लेखीत इतके चांगले गुण आणि तोंडीत जवळजवळ काहीच न्हाई. एकाच माणसाचं असं कसं होईल, हे काही माझ्या डोक्यातून जाईना." माझी दया आली असं ते म्हणाले नाहीत, आणि तेच मला आवडलं. त्यांना कोडं पडलं होतं आणि ते सुटेपर्यंत त्यांना चैन नव्हतं.

हा सरांचा स्वभावच. कारखान्यात त्यांना माघारी ‘चौकशी खिडकी’ म्हणतात, हे मी आज या गौरवग्रंथात जाहीर करून टाकते. एकदा परतूरला एका प्रशिक्षणासाठी रेल्वेनं निघालेले सर शेजारच्या प्रवाशाला मेंढ्यांच्या लोकरीबद्दल विचारत बसले आणि थेट सेलूला उतरले. तीर्थपुरीला त्यांच्या आजोबांचा मेंढ्यांचा कळप होता, त्यामुळं विषय जिव्हाळ्याचा. कमलकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणतात, "यांच्यासाठी चहा दोनदा गरम करावा लागतो. पहिला प्रश्नातच गार होतो."

फोनवर अर्थ कळला म्हणून सरांनी मला लगेच घेतलं असं मात्र कुणी समजू नये. ते म्हणाले, "कानाची चूक दुरुस्त झाली. हाताचं अजून बघायचंय. या, करून दाखवा." मी जालन्याला गेले. सरांनी एका यंत्राच्या पंख्याची सुटलेली मोटार पुढं ठेवली आणि जोडायला सांगितली. मी जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला, वारा आला, मी खूश. पण धान्यातला भुसा काही उडेना.

"वारा तर येऊन राह्यला," सर मुद्दाम आमच्याच बोलीत म्हणाले. "मंग भुसा का उडत न्हाई?"

वेचणीचं शेत डोळ्यांपुढं आलं. पण सर घड्याळ न बघता शेजारच्या स्टुलावर बसले आणि खरंच उत्तराची वाट बघू लागले. उत्तर त्यांनाही ठाऊक नाही, असा त्यांचा चेहरा. मी यंत्र बंद केलं, पंख्याची पाती हातानं फिरवून बघितली, मग म्हणाले, "सर, उलटा फिरून राह्यला, म्हणून वाऱ्याला जोर न्हाई. दोन वायरींची माझ्याकडून अदलाबदल झाली." वायरी बदलल्या, बटण दाबलं आणि भुसा उडाला, थेट सरांच्या शर्टावर. ते झटकत ते एवढंच म्हणाले, "चुका सगळ्यांच्याच होतात. तुम्ही ती शोधता कशी, ते मला बघायचं होतं. सोमवारपासून या." त्या संध्याकाळी मी बसस्टँडवर एकटीच रडले, आनंदानं.

त्यानंतर सर संगणकाच्या परीक्षेला नावं ठेवतील असं मला वाटलं होतं. उलट, कुणी ठेवली की ते चिडतात. "परीक्षा यायच्या आधी इथं कसं चालायचं, विचारा. कुणाचा भाचा, कुणाच्या ओळखीतला. धावड्याच्या सुरेखाचं नाव माझ्यापर्यंत आलं असतं का? परीक्षेनंच आणलं." माझे गुण तपासणाऱ्या परीक्षकांनाही त्यांनी कधी दोष दिला नाही. त्यांच्यापुढं जे लिखाण आलं, त्याला त्यांनी बरोबरच गुण दिले होते. सरांनी त्यांना फोन करून आमच्या बोलीतला हा ‘राह्यले’ समजावून सांगितला. वर त्यांच्या भागात याला काय म्हणतात तेही विचारून घेतलं. पुढच्या वर्षापासून तोंडी परीक्षा ऐकायला आपल्या भागातला एक माणूस बसू लागला. परीक्षा दार उघडते, पण आत येणाऱ्याचं बोलणं ऐकायला दाराशी माणूस लागतोच, असं सर मानतात. मलाही आता तसंच वाटतं.

या घोटाळ्यातूनच आमच्या कारखान्यातली एक पद्धत सुरू झाली. पाळी बदलताना जाणाऱ्यानं काम सांगायचं आणि येणाऱ्यानं आपल्याला काय कळलं ते स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. सुरुवातीला सगळे कंटाळले. नाशिकहून आलेल्या एका इंजिनियर साहेबांना तर हा पोरखेळ वाटला. मग एके दिवशी फिटर जाताना त्यांना म्हणाला, "साहेब, बेल्ट बदलून राह्यलो." साहेबांनी ऐकलं ‘बेल्ट बदलून झाला’, आणि यंत्र चालू करायला हात पुढं केला. तेवढ्यात पद्धत आठवली म्हणून परत बोलून दाखवलं, "बेल्ट बदलला, चालू करतो." फिटर तिथूनच ओरडला, "न्हाई न्हाई, माझा जोडीदार आत हाये!" त्या दिवसापासून या पद्धतीला कुणी पोरखेळ म्हणत नाही. सर मात्र त्या प्रसंगाची फुशारकी कधी मारत नाहीत. विषय निघाला की दुसराच प्रश्न विचारतात.

सरांच्या चौकशीत माया कशी असते, त्याचा एक अनुभव सांगायलाच हवा. मी नवीन असताना सरांनी विचारलं, "सुरेखाताई, तुम्ही दिवसभर पाणी का पीत न्हाई?" शिकाऊ मुलांनाही ते ‘तुम्ही’च म्हणतात, अगदी रागावतानासुद्धा. मी काय सांगणार? पुढची मोटार ओढून कामाला लागले. सर ओशाळले आणि निघून गेले. संध्याकाळी कमलकाकूंनी घरी जेवायला बोलावलं, भाकरी वाढता वाढता तोच प्रश्न विचारला आणि मी मोकळेपणानं सांगितलं. कारखान्यात बायकांसाठी शौचालय होतं, पण ते कार्यालयाच्या बाजूला, कुलपात. किल्ली मागायला दर वेळी पुरुषांच्या घोळक्यातून जावं लागे. दुसऱ्या दिवशी कुलूप गेलं. पुढं आमच्या कामाच्या जागेजवळ नवीन शौचालय बांधलं गेलं. सरांनी मला त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही. फक्त माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला असे.

शिकाऊ उमेदवारी संपल्यावर मी याच कारखान्यात कायम झाले. मोटार विभाग आता माझ्याकडं आहे. तोंडी परीक्षा ऐकायला आपल्या भागातला जो माणूस बसतो, तो गेली काही वर्षं मीच. समोरचा उमेदवार अडखळला, की मला कापसानं भरलेली माझी ओटी आठवते आणि मी तोच प्रश्न विचारते, "परत एकदा म्हणून दाखवता का?"

सर साठीचे झाले आणि निवृत्तही होत आहेत. मागच्या महिन्यात ते माझ्या टेबलाशी आले आणि जरा संकोचून म्हणाले, "एवढी वर्षं मी मोटारी भरणाऱ्यांची निवड केली, पण स्वतः कधी भरली न्हाई. शिकवाल का?" तेव्हापासून रोज दुपारच्या सुट्टीत सर माझ्याकडं तांब्याची तार गुंडाळायला बसतात. पहिली मोटार जळाली, दुसरी उलटी फिरली. "का फिरली?" मी विचारलं, आणि घड्याळ न बघता स्टुलावर बसून राहिले. सरांनी शोधून काढलं.

परवा निरोप समारंभाच्या तयारीसाठी काही मंडळी आली होती. त्यांनी विचारलं, "सर, आता पुढं काय करणार?" हातातली तार न सोडता सर म्हणाले, "पुढचं काय सांगू? सध्या वाइंडिंग शिकून राह्यलो."

सर, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तुमच्याबद्दल कुणी कधी काही लिहून काढलं, तर तुमचं हे उत्तर आमच्या बोलीतच लिहिलं जावो. शिकायचं राहिलेलं नाही, शिकणं चालू आहे.