कार्बनसुद्धा मागून नेणारे सेतुमाधवराव

सेतुमाधवराव सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातूनच झाली. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वडिलांनी काढलेली टायपिंग इन्स्टिट्यूट मी तेव्हा नुकतीच हाती घेतली होती. सर पॉलिटेक्निकमध्ये शिकवत. एक अर्ज टाइप करून घ्यायला ते आले, प्रत बारकाईनं तपासली, पैसे दिले आणि मधला कार्बन मागू लागले. कार्बन उजेडात धरला की कुणालाही मजकूर वाचता येतो, असं त्यांचं म्हणणं. मी चिडले. "आमच्यावर संशय घेतां?" सर शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर नाही, अंबुजाबाई. कार्बनवर." मग त्यांनी त्याची घडी घालून पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. खिसा काळा झाला, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीनं मला कळवलं, "सरांच्या सद्गुणांवर लिहा." माझ्या पाहण्यातला त्यांचा सर्वांत मोठा सद्गुण म्हणजे संशय. ज्यांना हे रुचणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं. या ग्रंथाच्या मलपृष्ठावर एका मोबाइल कंपनीची जाहिरात यायची होती, तीही सरांनी येऊ दिली नाही. छपाईचा खर्च ती कंपनी का करते आहे, एवढंच त्यांनी विचारलं.

बाजार खुला झाला तशी आमच्या गावातही बक्षिसांची कूपनं आली. नाव, पत्ता, फोन लिहा, स्कूटर जिंका. सर कूपन भरत, पण दर दुकानात नावामागचं आद्याक्षर वेगळं लिहीत. आमच्या मुलखात माणूस आद्याक्षरावरच ओळखला जातो. साड्यांच्या दुकानात सर टी. के. असत, भांड्यांच्या दुकानात टी. एन. एक दिवस विमा विकणाऱ्या मुलीचा फोन आला, "टी. एन. सेतुमाधव राव आहेत का?" सर तडक भांड्यांच्या दुकानात गेले. मालकानं खुर्ची दिली, थंड पेय मागवलं. सरांनी बाटली पूर्ण संपवली आणि विचारलं, "माझं नाव कुणास विकलंत?" मालक कसनुसं हसला. "अय्यो सर, सगळेच देतात!" आमच्या गल्लीला पुढं कितीतरी दिवस हा किस्सा पुरला. पण हसणाऱ्यांच्या घरीही ते फोन वाजतच होते.

माझ्यावर खरी वेळ आली ती टाइपरायटर ओस पडू लागले तेव्हा. मुली दारातूनच विचारायच्या, "कंप्यूटर आहे का?" आणि नाही म्हटलं की परत फिरायच्या. आई अंथरुणाला खिळलेली, घर सगळं त्या इन्स्टिट्यूटवर. अशा वेळी चेन्नईहून एका संगणक-शिक्षण कंपनीचा अधिकारी आला. यंत्रं आमची, सॉफ्टवेअर आमचं, तुम्ही फक्त शिकवा, म्हणाला. मला तो देवमाणूस वाटला. करार इंग्रजीत होता, म्हणून सही करण्याआधी मी सरांना बोलावलं.

सरांनी करार दोनदा वाचला आणि त्या गृहस्थांना एकच प्रश्न विचारला, "बाईंस उद्या हे नक्को झालं, तर बाहेर येण्याची वाट कोठे आहे?" तो हसला. लग्नाच्या दिवशी काडीमोडाचं कशाला विचारता, म्हणाला. सर म्हणाले, "लग्नात दोन्हीकडची माणसं असतात. इथे तुमचेच वकील दिसतात." मग एकेक बाहेर पडू लागलं. विद्यार्थी त्यांचे, दारावरची पाटी त्यांची, त्यांच्या सॉफ्टवेअरखेरीज दुसरं काही शिकवायचं नाही, आणि करार मोडला तर या गावात संगणकाचा वर्ग काढायला मला बंदी.

मी सही केली नाही. पण त्याबद्दल सरांचे आभार मानावेत, अशी माझी तेव्हा अवस्थाच नव्हती. कंपनीनं मोठ्या रस्त्यावर गार हवेची शाखा काढली आणि माझ्या उरल्यासुरल्या मुलीही तिकडं गेल्या. आई म्हणाली, "त्या मनुष्याचं ऐकून हातचं घालवलंस."

नंतर सर स्वतःच आले. पॉलिटेक्निकनं मोडीत काढलेले संगणक त्यांनी लिलावात घेतले होते, आणि पिशवीत मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या, लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीच्या सीडी होत्या. हे कुणा एकाच्या मालकीचं नाही, उघडून पाहा, नकला करा, वाटा, असं ते म्हणाले. लगेच गल्लीत कुजबुज सुरू झाली की हे दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचे दलाल असणार. लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, हे मलाही पटत होतं. मी तोंडावर विचारलं, "सर, यात तुम्हांस काय मिळतं?"

सरांचा चेहरा एकदम उजळला. "हे त्या अधिकाऱ्यास का नाही विचारलंत?" मग म्हणाले, "मज शिकवायला मिळतं. घरी कोण ऐकतं?" सोबत त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई होत्या. त्या म्हणाल्या, "आणि मज दोन घटका निवांतपण." या उत्तरावर माझा विश्वास बसला, कारण त्यात दोघांचाही थोडा स्वार्थ होता.

फुकटचं म्हणून ते सोपं मुळीच नव्हतं. प्रिंटर रुसायचा, तमिळ अक्षरांच्या जागी चौकोन यायचे. रोज संध्याकाळी सर येत आणि मांडी ठोकून बसत. हळूहळू मुली परतू लागल्या. मात्र जरा कुठं काही अडलं की मी सरांना फोन करायची. मग एके दिवशी सर यायचे बंद झाले. फोन केला तर पद्मावतीबाई म्हणाल्या, "घरीच आहेत. पण येणार नाहीत."

मी रागानं त्यांच्या घरी गेले. सर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. "माझं काय चुकलं?" मी विचारलं.

"तुमचं काही नाही," सर म्हणाले. "पण तुमचं माझ्यावाचून अडू लागलं आहे. ज्याच्यावाचून लोकांचं अडतं, तो मनुष्य बिघडतो. मीही बिघडेन, अंबुजाबाई. मज माझा भरवसा नाही."

परतताना मला रडू आलं. वर्ग भरलेला आणि प्रिंटर बंद. दोन थोरल्या मुलींना घेऊन मी बसले, आम्ही चुकलो, एकमेकींवर ओरडलो, पुन्हा बसलो, आणि शेवटी कागदावर तमिळ अक्षरं सरळ उमटली. सरांना निरोप धाडला. ते आले, कॉफी घेतली, माझ्या आईशी गप्पा मारल्या आणि संगणकाकडे पाहिलंही नाही.

इन्स्टिट्यूट आजही चालते आहे, दारावरची पाटी वडिलांनी लावलेलीच आहे. तेव्हा सर, तुमच्यावाचून आमचं आता काहीसुद्धा अडत नाही. तुम्ही शंभरी पाहावी, गुडघ्यांनी साथ द्यावी, पद्मावतीबाईंनी तुमचं सगळं ऐकून घ्यावं, असं आम्ही म्हणतो, यात आमचा फायदा कुठं दडला आहे का ते तुम्ही तपासालच. तपासा. सापडणार नाही. तुम्ही आम्हांला नुसते हवे आहात.